सुईला फक्त पाणी लागलं

दुर्ग शहरातल्या पद्मनाभपुरात एका लॅबच्या मागच्या खोलीत बसलेला मी एक जुना मायक्रोस्कोप आहे, मित्रांनो. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. आता भिंगात बुरशी शिरलीय, तरी रोज चाळीस काचा माझ्याखाली सरकवतात. त्याचं काही नाही. माझा राग एका काचेपायी आहे.

ती काच कृष्णरावांची. भिलाईच्या सेक्टर २ मधले, पोलाद कारखान्याच्या भट्टीवरून निवृत्त झालेले. कानाखाली, लाळेच्या ग्रंथीत, लिंबाएवढी गाठ. डॉक्टर गीतांजलींनी तिच्यात बारीक सुई घालून आतलं थोडं ओढलं, काचेवर पसरलं. मी पाहिलं, नुसतं पाणी आणि चार-दोन पेशी.

"काका, कॅन्सरच्या पेशी दिसल्या नाहीत. पण नमुना अपुरा आहे. सोनोग्राफीत बघून पुन्हा सुई घेऊ."

कृष्णराव हसले. "बाई, तीस वर्सं भट्टीचे सॅम्पल काढले म्या. एका चमच्यात सारी भट्टी समजते. मले कावून पुन्हा टोचता?"

"पोलाद वितळून एकजीव होतं, काका. गाठ तशी नसते."

"अवो, आयका ना त्यायचं," त्यांची बायको भागाबाई म्हणाली.

"तू चूप राह्य. सॅम्पल पास झालं."

रिपोर्टही तसाच निघाला. 'कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत' हे वर ठळक आणि 'नमुना अपुरा, तपासणी पुन्हा करावी' हे तळाशी, मुंगीएवढं. असं छापणाऱ्या लॅबच्या मालकाला लाज वाटायला हवी.

आठ महिन्यांनी कृष्णराव परत आले. तोंड वाकडं झालेलं, डावा डोळा मिटत नव्हता. या वेळी सुई सोनोग्राफीत बघून गाठीच्या घट्ट भागात घातली. माझ्याखाली पेशींची गर्दी उसळली. वेड्यावाकड्या, एकीवर एक चढलेल्या. डॉक्टरांनी रिपोर्टवर लिहिलं, कॅन्सर.

"तवाच केलं असतं तं?" भागाबाईनं विचारलं.

"तेव्हा बहुतेक चेहऱ्याची नस वाचली असती, मावशी."

कृष्णराव काहीतरी बोलले. कुणालाच कळलं नाही. भागाबाईनं पदरानं त्यांची लाळ पुसली.

मित्रांनो, सुईला जे लागलंच नाही, ते मला दिसत नाही. म्हणून हात जोडतो, मला हात नाहीत तरी जोडतो. असा कागद घरी आला तर तळापर्यंत वाचा. आणि डॉक्टर पुन्हा सुई म्हणाले, तर त्याच आठवड्यात जा.