म्हसराचे मागचे पाय

मेटल संगीत म्हणजे काय, असं येरमाळ्यात कुणी विचारलं तर उत्तरेश्वर सांगायचा, "डीपी जळून गावाची लाईट गेल्यावर वायरमन फोन उचलत न्हाय, तवा माणूस जसा वरडतो, तसं गिटारीवर वरडायचं." 'काळं म्हसरू' या त्यांच्या बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणंही जळालेल्या डीपीवरच होतं. गावातल्या शहाण्यांना पोरं वाया गेली असं वाटायचं. पण शहाणे पहिल्या रांगेत बसूनच तसं म्हणायचे.

बँडचा जीव म्हणजे दोघांनी आत शिरून नाचवायचं म्हसराचं सोंग. उत्तरेश्वरच्या आईनं, हरणाबाईनं, दोन जुनी घोंगडी जोडून ते शिवलं होतं. पुढच्या पायांत उत्तरेश्वर, तोंडाशी माईक. मागच्या पायांत शिवपुत्र, पोटाशी धनगरी ढोल बांधून. ढोल घुमला की म्हसराच्या पोटात गडगडाट व्हायचा आणि बायाबापड्या हसून लोळायच्या.

मग गिटारवाला कृष्णराज पुण्याला गेला, त्याची गिटार पेनड्राइव्हमध्ये राहिली. पाठोपाठ शिवपुत्र चाकणच्या कंपनीत लागला. ढोल मात्र उत्तरेश्वरनं रेकॉर्ड करू दिला नाही. पोटातला ढोल पोटातच वाजला पाहिजे, हा त्याचा हट्ट. खरं कारण एवढंच, की त्यासाठी तरी शिवपुत्राला यावं लागेल. वर्षभर एकट्यानं सराव करून त्याला आपलाच आवाज नकोसा झाला होता. कळंबच्या कॉलेजचं गॅदरिंग ठरलं तेव्हा शिवपुत्र फोनवर म्हणाला, "तू पुढचे पाय घाल, मागच्यात म्या घुसतो." या खेपेला त्याला 'परत ये' म्हणायचंच, असं उत्तरेश्वरनं ठरवलं.

पाचची एसटी आली आणि गेली. शिवपुत्राचा फोन लागेना. सहाला बँडचं नाव पुकारलं, तसा उत्तरेश्वर रिकामे मागचे पाय फरफटत स्टेजवर चढला.

गिटार सुरू झाली. ढोलाची जागा आली, पण पोट गप्प. उत्तरेश्वरनं मान वळवून मागं पाहिलं. शिवपुत्र ऐनवेळी घुसला असला तर? पोरं खदखदून हसली. पुढच्या कडव्याला त्यानं पुन्हा पाहिलं. तिसऱ्या वेळी तर अख्खं पटांगण आधीच ओरडायला लागलं, "आता बघंल! आता बघंल!" इतक्या टाळ्या 'काळ्या म्हसरा'ला कधी पडल्या नव्हत्या. घोंगडीच्या आत त्याला रडू कोसळलं. तेही माईकमधून गेलं आणि लोकांना गाण्यातलंच वाटलं.

खाली उतरून म्हसरू गुंडाळतो तोच शिवपुत्राचा फोन आला. त्याची बहीण दीपाली याच कॉलेजात होती.

"उत्त्या, लई भारी! दीपालीनं व्हिडिओ धाडलाय. सुट्टी मिळाली न्हाय रं. तुला सांगायचं जिवावर आलं, म्हणून मघापातूर फोन बंद ठिवला व्हता. पण मागचा भाग रिकामा ठिवायचं कसं सुचलं तुला? म्या आत असताना लोकं एवढी कधी हसली न्हाईत. तुझं कसं व्हईल म्हणून लई घोर लागला व्हता. आता सुटलो बघ."

'परत ये' अगदी जिभेवर होतं.

"व्हय," उत्तरेश्वर म्हणाला. "जमतंय मला."

घरी हरणाबाईनं म्हसरू झटकायला घेतलं. मागचे पाय मातीनं माखले होते.

"आता कुणी घालीत न्हाय, तर कापून टाकू का रं? उगं फरफटत्यात."

"नको, आये," तो म्हणाला. "लोकांना तेच आवडतंय."