फुंकरीची जागा

जळते मी पुनमवर. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको की दिपमाला तोंडावर गोड आणि पोटात वेगळी. माझ्या पोटात आहे तेच ओठावर आहे. दुखतं माझ्या पोटात, खूप दुखतं.

धुळ्यात आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आतल्या खोलीच्या भिंतींना गाद्या ठोकल्यात, तिथे भूषण, म्हणजे आमचे हे, अहिराणी गाणी रेकॉर्ड करतात. लग्नाची, हळदीची, श्रावणात कानबाई देवीची. सूर-ताल यांचा, आणि कॉम्प्युटर, वायरी, बिघाड, बठ्ठा म्हणजे सगळा कारभार माझा. यांना साधा प्रिंटर लावता येत नाही, पण बोर्डावर नाव यांचं एकट्याचं.

आणखी एक काम माझ्याकडे. पायलट गायचं. मोठी गायिका यायच्या आधी कुणीतरी गाणं कच्चं गाऊन ठेवायचं, तिनं ते ऐकून पाठ करायचं, गायचं, आणि मग तो कच्चा आवाज बंद करून टाकायचा. तो कच्चा आवाज म्हणजे मी. किती गाणी गायले असेन, एकही बाहेर पडलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय खोटं आहे?

या श्रावणातलं गाणं तर माझ्या आईचं. आई साक्रीला असते, कमलबाई तिचं नाव. कानबाईच्या नैवेद्याचे रोट करताना ती म्हणायची, ‘कानबाई उनी घर, दिवा लावा व माय.’ उनी म्हणजे आली. लहानपणापासून मी ते तिच्या पाठीशी बसून ऐकलंय. यांना मी ते म्हणून दाखवलं आणि यांचे डोळे चमकले. मला वाटलं, आता म्हणतील, दिपा, हे तूच गा.

“पुनमला शोभेल हे,” म्हणाले.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुनम जळगावची. वय तेवीस-चोवीस, केस मोकळे, मोबाइलवर हजारोंनी चाहते. अहिराणी तिच्या घरात कुणी बोलत नाही, तिला गाण्यापुरती येते. आली की मला “वहिनी, चहा मिळेल का हो?” आणि यांना “भूषणभाऊ, तुमच्यासारखा कान कुणाला नाही.” झालं! कानवाले भाऊ दिवसभर हवेत. तिनं गाणं गायलं तर काचेमागून म्हणतात काय, “क्या बात है!” आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या पुरणपोळीलासुद्धा यांनी कधी क्या बात है म्हटलं नाही.

शुक्रवारी तिचा आवाज रेकॉर्ड झाला. रविवारी कानबाई बसणार, म्हणून गाणं शनिवारी बाहेर पडायलाच हवं होतं. पांझरा नदीच्या काठी केलेलं शूटिंग आणि गाणं एकाच हार्ड डिस्कवर होतं. ती डिस्क घेऊन पुनम तिच्या गाडीनं जळगावला जाणार, तिथे मोईज नावाचा एडिटर व्हिडिओ जोडणार. नेटवरून पाठवायचं म्हटलं असतं तर गणपती उजाडले असते.

आणि डिस्क निघेना.

यांनी इजेक्टवर क्लिक केलं. कॉम्प्युटर म्हणाला, हे डिव्हाइस वापरात आहे, वापरणारा प्रोग्रॅम बंद करा. यांनी गाण्याचा प्रोग्रॅम बंद केला. पुन्हा तेच. फोल्डर बंद केलं. पुन्हा तेच.

“दिपा! अगं दिपा! ही बया सोडत नाहीये!”

मी कणीक मळत होते. तशाच हातानं वर गेले.

“कोणती बया?” मी विचारलं. “डिस्क का पुनम?”

“आता तरी टोमणे नको मारू गं. मोईजचा दोनदा फोन आला.”

हे वायर ओढायला निघाले होते. मी यांच्या हातावर चापट मारली. गेल्या वर्षी अशीच ओढली होती, आणि एरंडोलच्या एका नवरदेवाच्या हळदीची सगळी गाणी गेली. त्याच्या बापानं येऊन आमच्या दारात जो तमाशा केला, तो गल्ली अजून विसरलेली नाही. डिस्कवर काही चालू असताना ओढली तर फाइल अर्धवट तुटते, कधी सगळी डिस्कच वाचता येत नाही.

हात धुऊन मी बसले. व्हायरसची तपासणी चालू होती, ती थांबवली. मागे चालणारे प्रोग्रॅम पाहिले, शंका आली तो बंद केला. तरी नाही. कॉम्प्युटर सरळ बंद करावा तर तिथे ‘अपडेट करा आणि बंद करा’ एवढाच पर्याय. मागच्या वेळी ते अपडेट सुरू झालं तेव्हा सकाळची संध्याकाळ झाली होती.

“तुम्हीच काहीतरी उघडं ठेवलं असणार,” मी म्हटलं. “तिचं गाणं. पुन्हा पुन्हा ऐकायला.”

“काहीतरीच काय बोलतेस!”

“मग चेहरा का लाल झाला?”

तेवढ्यात मला आठवलं. कलाकारांना बाहेरच्या खोलीतल्या लॅपटॉपवर गाणी ऐकता यावीत म्हणून मीच ही डिस्क वायफायवरून त्याला जोडून दिली होती. म्हणजे इथे सगळं बंद करून उपयोग काय? बाहेरून कुणी फाइल उघडली असेल तर डिस्क अडकूनच राहणार. बाहेरून कोणत्या फाइल उघडल्यात त्याची यादी कॉम्प्युटरमध्ये दिसते, ती मी काढली. एकच ओळ होती. फाइलचं नाव, पायलट दिपा.

माझं पायलट! उघडलं होतं बाहेरच्या लॅपटॉपवरून. आणि बाहेर बसली होती पुनम.

यांना म्हटलं, “बसा इथेच.” आणि दार लोटून बाहेर गेले.

पुनम पाठमोरी होती. कानांवर हेडफोन, डोळे मिटलेले. ओठ हलत होते. ‘कानबाई उनी...’ आणि थांबायची. मग बोटानं गाणं मागे न्यायची. पुन्हा ‘कानबाई उनी...’ आणि पुन्हा थांबायची. उनी आणि घर यांच्यामध्ये आमच्या आईच्या गाण्यात एक जागा आहे. आवाज तुटतो, श्वास सुटतो, आणि मग ‘घर’ असं खाली, कुशीत येऊन बसल्यासारखं उतरतं. पुनम तिथे गळ्यानं नाना हरकती करून बघत होती. एकही बसत नव्हती.

मी खांद्याला हात लावला तशी ती दचकली. डोळे ओले होते तिचे.

“वहिनी... मी फक्त ऐकत होते.”

“तुझ्या ऐकण्यानं डिस्क अडकलीय आत.”

“सॉरी.” तिनं नाक पुसलं. आणि एकदम म्हणाली, “खरं सांगू? मला सकाळपासून तुमचा राग येतोय. भाऊ म्हणाले टेक ओके आहे, पण मला कळतं ना! तुमच्यानंतर माझं ऐकलं की माझंच मला खोटं वाटतं. मी जळते तुमच्यावर, वहिनी.”

अगं बाई! काय सांगू तुम्हाला मला काय झालं. उन्हातून आल्यावर कुणी गूळपाणी हातात द्यावं तसं झालं. जिच्यावर मी जळत होते ती माझ्यावर जळत होती, आणि स्वतःच्या तोंडानं सांगत होती. क्षणभर ती मला आवडलीसुद्धा.

“ती जागा कशी घेता तुम्ही?” तिनं माझा हात धरला. “एवढं सांगा. मी आत्ता परत गाते, लगेच होईल. मोईजभाऊंना मी समजावते. तुमचं नावसुद्धा घ्यायला सांगते.”

सांगण्यासारखं खूप होतं, आणि सोपं होतं. ती हरकत नव्हतीच मुळी. आई चुलीपुढे गायची आणि त्या ठिकाणी नेमकी चुलीत फुंकर घालायची. उनी, फू, घर. जाळ पेटायचा, तिच्या तोंडावर उजेड यायचा, आणि ती पुढे म्हणायची. घरात गॅस आला तरी ती फुंकर गेली नाही. गेल्या कानबाईपर्यंत आई गॅसच्या शेगडीपुढेसुद्धा त्या जागेवर फुंकर घालत होती आणि आम्ही हसत होतो. गळ्यातून शोधलं तर जन्मात सापडायची नाही. फुंकर मार म्हटलं की संपलं.

ओठावर आलं होतं माझ्या. पण वाटलं, का म्हणून? गाणं तिला दिलं. नाव तिचं, चेहरा तिचा. नवऱ्याचं क्या बात है तिला. आता माझ्या आईची फुंकरही हिच्याच पदरात घालू? आणि माझ्याकडे काय उरेल? नाव तर आता रडताना घ्यायला निघालीय, जळगावला पोचेपर्यंत विसरेल.

“सराव लागतो,” मी म्हटलं. “तुझं चांगलंच झालंय. लोकांना काय कळतंय! बंद कर ते.”

तिनं फाइल बंद केली. आतून हे ओरडले, “निघाली! निघाली! दिपा, तू काय केलंस?”

“काही नाही केलं,” मी म्हटलं.

गाणं शनिवारी आलं आणि वाऱ्यासारखं पसरलं. धुळ्यात प्रत्येक डीजेवर, रिक्षात, दुकानात तेच. गायिका पुनम. संगीत भूषण. गीत पारंपरिक. पारंपरिक! आमची आई धडधडीत साक्रीला बसलीय, गुडघ्यांना तेल लावतेय, आणि गीत म्हणे पारंपरिक. पण त्या जागेवर पुनमनं सरळ ‘उनी घर’ म्हटलं होतं, फुंकर नव्हती. प्रत्येक वेळी ते ऐकलं की मला आतून बरं वाटायचं. बाकी सगळं घे बाई, एवढं माझ्याकडेच आहे.

रविवारी साक्रीला गेले, भावाकडे कानबाई बसते. घर बायकांनी भरलेलं. नथ घातलेली कानबाई चौरंगावर, आत रोटांचा घाट. आई शेगडीपाशी पाटावर बसली होती. मला बघून हसली.

“उनी का व दिपा? भूषणनं गानं आयकं मी. नातूनी मोबाइलवर लायी दिधं. कालपासून तेच आयकी ऱ्हायनू. काय गावस व माय ती पोर!”

मी म्हटलं, “तुझंच गाणं आहे ते आई.”

“मन्ह काय, मी आपली कशीबी म्हनू. तिनं कसं सोज्जं, गोड म्हनं.”

मग रोट लाटता लाटता आईनं गाणं धरलं. बायकांनी मागून उचललं. मीही सूर लावला, वाट बघत. ‘कानबाई उनी,’ आणि मी थांबले, ओठ गोल केले, फुंकर मारली.

बाकी सगळ्या पुढे निघून गेल्या होत्या. ‘घर, दिवा लावा व माय.’ सरळ, सपाट, पुनमसारखं. सगळ्यात पुढे आईचा आवाज. ती थांबलीच नाही. एका दिवसात तिची फुंकर गेली होती. माझी एकटीची शेगडीवर पडली, आणि निळा जाळ जरासा हलला.

आईनं लाटणं थांबवून माझ्याकडे पाहिलं.

“चुकनी ना व तू,” ती म्हणाली. “ती पोर कशी म्हनस, तसं म्हन.”