इशबेलचं पिंप

इशबेलच्या पिंपातून पाण्याचा थेंबही गळला नाही. गळणारच नव्हता, हे तिला सकाळीच ठाऊक होतं.

व्हिस्कीच्या भट्टीमागची ही शेड म्हणजे दिवसभर हातोड्यांचा धुमाकूळ. ओकच्या फळ्या नुसत्या एकमेकींना भिडवून पिंप उभं करायचं; खिळा नाही, गोंद नाही, सांध्यात फार तर वाळलेल्या लव्हाळ्याची पाती. मग भोवती फिरत लोखंडी पट्टे ठोकायचे. व्हिस्की वर्षानुवर्षं मुरणार ती यातच, आणि रंग-चव उचलणार ती याच लाकडातून. इशबेल हे चार वर्षं शिकली. दोन पोरींची आई, चाळिशीत मासळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून आली, तेव्हा गावातल्या बायकांनी नाकं मुरडली. मुरडू देत!

आज तिची परीक्षा होती. मुकादम टॉर्क्विलने पिंपात कढत पाणी ओतलं, बूच मारून ते उलटंपालटं केलं, सांध्यांवरून बोट फिरवलं आणि कोरडं बोट सगळ्यांना दाखवलं.

"पास!"

आता पुढे काय होतं, ते शेडमधलं मांजरही सांगेल. पास झालेल्याला त्याच्याच पिंपात कोंबायचं, वरून काकवी, काजळी, शिळी बियर, पीठ आणि पिसं ओतायची आणि आवारभर गडगडवत न्यायचं. बाहेर पडतो तो कारागीर. असं गडगडल्याशिवाय इथे कुणी कारागीर झालेला नाही. इशबेल तर मुद्दाम जुनी विजार घालून, केस गच्च बांधून आली होती.

आणि टॉर्क्विलने काय पुढे करावं? फुलांचा गुच्छ! मागून केक.

"मनापासून अभिनंदन, इशबेलबाई."

"अन् काकवी कुठंय?"

"छे, छे! ते पोरांचे चाळे. आम्ही सगळ्यांनी ठरवलंय, तुम्हाला त्यातून सूट. बाईमाणसाला असं कसं..."

कालपर्यंत "ए इशबेल, उचल ते" म्हणणारा माणूस हा! तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. हा गुच्छ घेऊन घरी गेलं, की जन्मभर या शेडमध्ये आपण पाहुण्या. पास झालेल्या, पण पाहुण्याच.

तिने गुच्छ बाकावर टाकला. पिंप रिकामं केलं, हातोड्याने वरचे पट्टे सैल केले, झाकण उपसून काढलं, पट्टे पुन्हा ठोकले आणि पाय टाकून सरळ आत जाऊन बसली.

"चला, आटपा!"

बाप्ये एकमेकांचे बूट न्याहाळत उभे.

"बरं, बसते इथंच. सोमवारी याल तेव्हाही इथंच दिसेन."

तेवढ्यात बादली खणखणली. वॉटी येत होता, शेडमधला सगळ्यात जुना कारागीर आणि पहिल्या दिवसापासून इशबेलच्या राशीला बसलेला. "ही फळी तासलीस की उंदराने कुरतडली?" हे त्याचं रोजचं स्वागत. तिची कितीतरी पिंपं त्याने लाथ घालून विस्कटली होती. फुलांवर तिची बोळवण होतेय म्हटल्यावर हाच सगळ्यात खूश होणार, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्याच्या बादलीत काकवी होती, काजळी घालून नीट ढवळलेली.

"वॉटीकाका, अहो, आपलं ठरलंय ना?" टॉर्क्विल म्हणाला.

"तुमचं ठरलं असेल. मी हिला चार वर्षं शिव्या घातल्या. पाहुणीला शिव्या घालतो का मी?"

आणि बादली तिच्या डोक्यावर पालथी केली.

गार, चिकट काकवी कानात, मानेत, पाठीवर उतरली. इशबेल अशी किंचाळली की सगळी शेड पेटली. मघाचे बुटांकडे बघणारे पीठ घेऊन धावले, पिसांची उशी फाडली, आणि बियर ओतायला स्वतः टॉर्क्विल! पिंप आडवं झालं आणि निघालं. आभाळ, फरशी, आभाळ, फरशी. "अरे, जोरात!" ती आतून ओरडत होती.

फाटकापाशी ती रांगत बाहेर आली. सगळं जग गरगरत होतं. वॉटीने तिच्याकडे बघितलंही नाही. तो वाकून पिंपाच्या सांध्यांवरून बोट फिरवत होता.

"वरचा पट्टा सैल ठोकलायस," तो गुरगुरला. "सोमवारी लवकर ये."

"येते," इशबेल म्हणाली आणि तोंडातलं पीस थुंकली.