उसाचे व्याही

रेड्याचं मुंडकं खड्ड्यात उतरवताना कासमुरीच्या उजव्या हातातलं शिंग सुटलं. मुंडकं कलंडलं, खड्ड्याच्या कडेवर आपटलं आणि रक्ताची चिळकांडी त्याच्या ठेवणीतल्या बातिक सदऱ्यावर उडाली. गळिताच्या मुहूर्ताला पुरायचं जनावर नुकतंच कापलेलं होतं. डोळे अजून उघडेच होते.

"काय हे कांग! नवरदेवाच्या बापानेच थरथरायचं?" जुमांगिन ओरडला आणि चरकाभोवती जमलेले सगळे हसले.

कासमुरीही हसला. जुमांगिन त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. थोरल्या भावासारखं त्याला ‘कांग’ म्हणे, चारचौघांत थट्टाही करी. पलीकडच्या माणसाने मुंडकं सरळ केलं, माती लोटली गेली. कासमुरीने उजवा हात लुंगीच्या घडीत सरकवला आणि तिथेच ठेवला.

कारांगजातीच्या साखर कारखान्यात गळिताची सुरुवात उसाच्या लग्नाने होते. एका शिवारातला जाडजूड ऊस नवरा, दुसऱ्यातला नवरी. दोघांना नटवायचं, नावं ठेवायची, वाजतगाजत आणायचं आणि पहिल्या मोळीच्या आधी गव्हाणीत टाकायचं. या जोडप्याचा रस प्याला की चरक हंगामभर माणूस मागत नाही, असं तिथे लहान पोरही सांगेल. नवरा आणायचा मान चरकावरच्या कासमुरीचा, नवरी आणायचा शेतखात्यातल्या तुकिजानचा. त्यामुळे दोघं गावभर व्याही झाले होते. टोमणे, मानपान, रुसवेफुगवे, सगळं खऱ्या व्याह्यांसारखं आणि वर्षानुवर्षं.

यंदा मुलीकडच्या व्याह्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तो मुलाकडच्या व्याह्यानेच मोडला होता.

झालं होतं असं. कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती जाहीर केली. निम्मी माणसं कमी करायची होती. मुदतीत जो सही करेल त्याला पैसे. जो राहील त्याचं पुढे काय, ते कुणीच सांगत नव्हतं. निवृत्ती कामगाराची आणि स्वेच्छा साहेबांची, असा सगळा मामला. जुमांगिनने मशिदीच्या अंगणात सगळ्यांना शपथ घातली, की कुणी सही करायची नाही. कासमुरी पहिल्या रांगेत होता. आठवडाही झाला नसेल, तुकिजान सरळ ऑफिसात गेला, सही केली आणि बाहेर येऊन चारचौघांना तसं सांगितलंही.

त्याच संध्याकाळी सगळे त्याच्या घरावर चालून गेले. कौलं फुटली, मोटारसायकल विहिरीत गेली. जुमांगिनने पहार कासमुरीच्या हातात दिली.

"तू वडीलधारा. मेज फोड त्याचं, म्हणजे कळेल," तो म्हणाला.

तुकिजान मेजावर हात टेकून उभा होता. हललाही नाही. पहार उठली ती मेजावर पडायला, पडली मात्र त्याच्या मनगटावर. वाळलं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. तुकिजानच्या बायकोची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली. परत येताना ज्याने त्याने कासमुरीची पाठ थोपटली. ज्या हाताने सही केली नेमका तोच हात, वा रे कांग!

पावसाळ्यापासून कासमुरीची बोटं धरलेलं सोडून देत होती, हे त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. काडी ओढताना काडी पडे, कॉफीचा ग्लास निसटे. आणि त्याचं काम काय, तर चरक थांबवायच्या दांड्यापाशी उभं राहणं. दांड्याला खिट्टी होती. ती बोटांनी घट्ट दाबली तरच दांडा खाली येई. कुणाची बाही अडकली, कुणाचा पाय घसरला, की मधे फक्त कासमुरीची मूठ. कामावर राहावं, तर एक दिवस कुणीतरी त्याच्या डोळ्यांदेखत चरकात जाणार. सही करावी, तर पाठ थोपटणारे तेच हात तीच पहार घेऊन येणार. इकडे आड, तिकडे विहीर.

म्हणूनच तर तो तुकिजानवर इतका भडकला होता. आपण मनातल्या मनात करत होतो ते त्याने भर दिवसा करून दाखवलं होतं. त्या संध्याकाळी पहार घसरली की मन घसरलं, हे मात्र कासमुरीला कितीही विचार केला तरी सांगता येत नव्हतं. आणि आज ऑफिस बंद झालं की मुदत संपत होती.

गामेलान वाद्यांच्या तालावर वरात फाटकातून आत आली. नवरा कासमुरीच्या खांद्यावर होता. नवरीकडच्या बाजूला एकदम कुजबुज झाली, मग शिव्या सुरू झाल्या. तुकिजान आला होता. नवरीचा ऊस डाव्या खांद्यावर, तिचा लांब पिवळा शेला त्याच्या प्लास्टरवरून लोंबत होता.

"याला कुणी आत सोडला?" जुमांगिन गरजला. "पैसे खाल्लेस ना? मग आता इथे काय उष्टं खायला आलास?"

"नोकरी सोडलीय. पोरीचं लग्न सोडलेलं नाही," तुकिजान म्हणाला.

कुणीतरी दगड मारला. तो त्याच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं तरी तुकिजान चालत राहिला, कारण नवरीने अर्ध्या वाटेत खांदा बदलायचा नसतो. हे दगड मारणाऱ्यालाही माहीत होतं; त्याने दुसरा दगड खाली टाकला.

गव्हाणीपाशी दोघं व्याही शेजारी उभे राहिले. चरक हळूहळू फिरत होता.

"माझा हात घसरला होता, व्याही," कासमुरी पुटपुटला.

"असेल," तुकिजान समोर बघत म्हणाला. "मोडला मात्र माझा."

कासमुरीने नवरा गव्हाणीत ठेवला आणि तो आपल्या जागी, दांड्यापाशी गेला. तुकिजान नवरी उतरवायला वाकला, तोच जुमांगिन पुढे घुसला.

"तुझ्या हातची नवरी नको आम्हाला! आण इकडे!"

त्याने ऊस हिसकला, तुकिजानला छातीत लाथ घातली आणि नवरी स्वतःच गव्हाणीत फेकली. शेल्याचा वेढा त्याच्या मनगटात राहिला. आधी त्याला कळलंच नाही. मग चरकाने ऊस धरला, शेला धरला आणि जुमांगिन तोंडावर आपटून फरफटत निघाला.

"कांग! कांग, दांडा!"

कासमुरीचा हात केव्हाच खिट्टीवर होता. बोटं दाबली, घसरली. पुन्हा दाबली, पुन्हा घसरली. त्याने डावा हात पुढे केला, तेवढ्यात बाजूने कुणीतरी धडकलं. तुकिजानने प्लास्टरचा हात हातोड्यासारखा खिट्टीवर हाणला आणि सगळं अंग दांड्यावर टाकलं. प्लास्टर फुटलं. तो गुरासारखा ओरडला. चरक थांबला.

जुमांगिनची दोन बोटं गेली होती. पन्हाळीतून वाहणारा नव्या हंगामाचा पहिला रस गुलाबी झाला होता. लोकांनी शेला कापून त्याला बाहेर ओढला. पांढऱ्याफटक चेहऱ्याने तो तुकिजानकडे नाही, कासमुरीकडे बघत होता.

"तू तिथेच होतास," तो म्हणाला. "बघत राहिलास."

त्याला आणि तुकिजानला दवाखान्यात नेलं. कासमुरी सरळ ऑफिसात गेला. पेन दोनदा पडलं. तिसऱ्यांदा त्याने ते डाव्या हातात घेतलं आणि नाव वेडंवाकडं का होईना, पुरतं लिहिलं.

दिवेलागणीला माणसं आली. कासमुरी घरासमोरच्या बाकावर बसून त्यांचीच वाट बघत होता. पुढे जुमांगिन होता, डॉक्टर नको म्हणत असताना उठून आलेला, हाताला केवढं तरी बँडेज. मागच्या माणसाकडे पहार होती.

कासमुरीची बायको पोनिरा दारात आडवी आली.

"भाऊ असशील तू माझा," ती म्हणाली, "पण पहार घेऊन माझ्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही."

"तू आत हो, ताई." जुमांगिन बाकासमोर उभा राहिला. "सही केलीस?"

"केली."

"शपथ घेतली होतीस."

"घेतली होती."

"आणि मी ओरडत होतो तेव्हा?"

कासमुरीने उजवा हात लुंगीतून काढून बाकावर ठेवला. बोटं अर्धवट वळलेली होती आणि थरथरत होती.

"मूठ मिट," जुमांगिन म्हणाला.

कासमुरीने जीव एकवटला. अंगठा तेवढा हलला.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीस, मूर्खा?" जुमांगिनचा आवाज फाटला. "हंगामभर तुझ्या भरवशावर आम्ही त्या तोंडापाशी उभे राहतो! एका शब्दाने सांगायचं होतंस!"

"भ्यालो," कासमुरी म्हणाला. "तुम्हालाच भ्यालो."

कुणीतरी पहार एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. जुमांगिनने त्या हाताकडे आणि मग स्वतःच्या बँडेजकडे बघितलं.

"मला यातलं काही ठरवता येत नाही," तो म्हणाला. "ज्याचा हात मोडला, ज्याने मला वाचवलं, तो ठरवेल." त्याने मागे वळून हाक मारली.

दवाखान्यातून त्याच्यासोबतच आलेला तुकिजान पुढे आला. भुवईवर टाके, हात नव्या प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला. पहार कुणीतरी त्याच्या डाव्या हातात दिली. त्याने तिचं वजन जोखलं.

"हात काढू नका, व्याही," तो म्हणाला.

कासमुरीने काढला नाही. पोनिराने तोंडावर पदर दाबला. पहार वर गेली, क्षणभर थांबली आणि सगळ्या ताकदीनिशी खाली आली. बाकाची फळी कासमुरीच्या करंगळीला लागून उभी चिरली. ढलप्या उडाल्या, एक त्याच्या गालात रुतली.

तुकिजान धापा टाकत होता. पहार त्याने चिरलेल्या फळीत तशीच राहू दिली आणि बाकाच्या उरलेल्या टोकावर टेकला.

"माझाही घसरला," तो म्हणाला.