महादू-मंजुळेचा मॅन्डोलिन-बँजो

मित्रांनो, मी एक जुना मॅन्डोलिन-बँजो आहे. मिरवणुकीत बटणे दाबून वाजवतात तो बेंजो मी नव्हे. माझे पोट डफासारखे गोल, त्यावर ताणून बसवलेले कातडे. मान मात्र मॅन्डोलिनची, तिच्यावर जोडीजोडीने आठ तारा. मॅन्डोलिन वाजवणाऱ्याला बोटांची सवय न मोडता बँजोचा खणखणीत आवाज मिळावा, म्हणून मुंबईच्या एका कारागिराने मला घडवले. आता तो आवाज बसला आहे. तारांचा ताण सोसून मान वाकली आहे. खरे सांगायचे तर मी फार थकलो आहे.

दासगावच्या महादूने मला तरुणपणी आणले. दिवसा तो महाडच्या एका कारखान्यात काम करी आणि संध्याकाळी बौद्धवाडीच्या गायन पार्टीत मला वाजवी. त्याची बायको मंजुळा त्याच पार्टीत गात असे. जयंती असो, लग्न असो, पार पोलादपूरपर्यंत आम्हाला बोलावणे येई. पावसाळ्यात माझे कातडे सादळून ढिले पडे. मग मंजुळा मला चुलीपासून हातभर लांब धरून शेकवी आणि टिचकी मारून बघे. कौतुकाचे दिवस होते ते.

एकदा कारखान्यात यंत्रात सापडून महादूच्या डाव्या हाताची बोटे गेली. तारा दाबायच्या त्याच हाताची. घरी आल्यावर त्याने मला गोणपाटात गुंडाळले आणि माळ्यावर टाकले. तिथे तारांना गंज चढला, उंदरांनी माझ्या कडा कुरतडल्या. त्याहून वाईट म्हणजे खाली घरात कुणी गुणगुणतही नव्हते. महादू भिंतीकडे तोंड करून पडलेला असे.

एका दुपारी मंजुळाने मला खाली उतरवले.

"ठेव गो तो वर!" महादू ओरडला. "माझा हात नाय आता."

"डावा नाय. उजवा हाय ना?" ती म्हणाली. "तारा तुम्ही छेडा. दाबायचं मी बघते."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"इतकी वर्सं तुमच्या बाजूला बसून गायले. बोटं कुठं जातात ते काय बघितलं नाय मी?"

तो उठून बसला. नव्या तारा चढल्या. मंजुळा त्याच्या डाव्या बाजूला बसली. माझे पोट त्याच्या मांडीवर, मान तिच्या हातात. सुरुवातीला माझे फार हाल झाले. तो छेडी तेव्हा तिचे बोट पोचलेले नसे. ती दाबी तेव्हा तो थांबलेला असे. भांडत दोघे, आणि ओढाताण माझी होई. तिच्या बोटांना फोड आले, फुटले, मग घट्टे पडले.

बुद्धपौर्णिमेला कापडे गावात कार्यक्रम होता. एका वाद्याला दोन माणसे बघून मांडवात हशा पिकला.

"एक दाबतंय, एक वाजवतंय, आता फुंकणारा कोन रे?" कुणीतरी ओरडले.

महादूने हात तारांवरून मागे घेतला. मंजुळाने माझी मान सोडली नाही. ती गायला लागली, एकटीच, साथीवाचून. पहिले कडवे संपता संपता महादूने तार छेडली. तिचे बोट नेमके तिथेच होते. गाणे संपल्यावर हसणारेच म्हणाले, "अजून एक होऊ दे."

तसे आम्ही पुष्कळ वर्षे वाजलो. गेल्या हिवाळ्यात महादू वारला. पार्टीत आता कीबोर्ड आहे. महाडला नोकरी करणारी त्यांची लेक प्रियदर्शिनी परवा म्हणाली, "आई, याला छान पॉलिश करून भिंतीवर लावूया."

"नको गो," मंजुळा एवढेच म्हणाली.

रोज संध्याकाळी ती मला जवळ घेते. डाव्या हाताने ओळखीची चाल दाबत जाते. उजवा हात तिलाही आहे, पण तो ती तारांकडे नेत नाही. त्यामुळे आवाज येत नाही. बघणाऱ्याला वाटते, म्हातारी नुसतीच बसली आहे. पूर्ण गाणे वाजून जाते, ते फक्त मला कळते.

मित्रांनो, घरातले जुने वाद्य पुसा, ओलीपासून जपा, तारा सैल करून ठेवा. पण नुसते जपून ठेवलेले वाद्यही मुके होते. मी थकलो आहे, संपलेलो नाही. कधी दासगावला आलात तर मंजुळेच्या उजव्या बाजूला येऊन बसा. तिथली जागा रिकामी आहे. चाल ती दाबेल. तुम्ही फक्त तार छेडा.