ऊन पाणी

“काडीची सावली दिसेनाशी झाली, की समज थाळीचं तोंड सूर्याकडे आलं. सावली लांबली, की पुन्हा जराशी वळव. कंटाळा करू नकोस.”

नवरा जाऊन महिना झाला, तरी गच्चीवर आली की तिला हा आवाज ऐकू यायचा. त्याचं केस कापायचं दुकान होतं. तिथल्या फुटक्या आरशांचे तुकडे त्याने एका मोठ्या खोलगट थाळीत चिकटवले होते. मधे भांड्यासाठी लोखंडी कडं, काठावर ती उभी काडी. “ऊन सगळीकडे सांडलेलंच असतं गं, आपण फक्त एका जागी गोळा करायचं,” तो म्हणायचा. “उन्हाचं ऊन पाणी!” आणि आपल्याच विनोदावर खो-खो हसायचा.

हा खटाटोप त्याच्या धाकट्या बहिणीसाठी होता. ती शर्टांची काजं करायची. बोटं अशी आखडायची, की ऊन पाण्यात बुडवल्याखेरीज सुई धरवत नसे. शेवटच्या दिवसांत त्याने बायकोकडे एवढंच मागितलं होतं, “तायडीचं पाणी चुकवू नकोस.” तिने हो म्हटलं होतं.

देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने ती थाळी वळवत होती. पण गेला आठवडाभर पाणी कोमटाच्या पुढे जाईना. मग ती गुपचूप गॅसवर ऊन करून द्यायची.

आज नणंदेने पिशवी भरली.

“दुपारच्या गाडीने मावशीकडे जाते, वहिनी.”

“अहो वन्सं, असं अचानक? माझं काही चुकलं का?”

“तुमचं कसलं चुकतंय? गॅसचा आवाज मला ऐकू येत नाही वाटतं? दादा होता तोवर ऊन फुकट होतं. आता माझ्या बोटांपायी सिलिंडर संपवायचे?”

“थांबा तरी. पाणी ठेवलंय वर.”

“ते तापेपर्यंत मी म्हातारी होईन!” नणंद हसली, पण डोळे भरले होते.

ती गच्चीवर आली. काडीची सावली गायब; थाळी अगदी बरोबर होती. भांडं उचलायला गेली आणि काळ्या कड्याचा असा चटका बसला, की बोट तोंडात गेलं. भांडं मात्र कोमट. दोघांवर ऊन तेच!

मग तिला समोरच्या टाकीवर कवडसा थरथरताना दिसला. भांडं हललं, तसा कवडसाही हलला. मिळालेलं ऊन भांडं परत फेकत होतं.

गेल्या आठवड्यात तिनेच तर ते घासलं होतं. हे भांडं तो कधी तिच्या हाती लागू देत नसे. “माझ्या काळूला घासायचं नाही,” म्हणायचा. तिला वाटे, आळस. पण त्याच्या हातचं भांडं असं काजळलेलं ठेवणं तिच्या जिवावर आलं, आणि बसून तासभर घासून तिने ते चांदीसारखं लख्ख केलं. काळू ऊन पिऊन घेत होता. लख्ख भांड्याला ते पचतच नव्हतं.

“अहो, एवढं सांगायचं ना,” ती हलकेच म्हणाली.

गाडीला अजून चार तास होते. भांडं रिकामं करून ती खाली आली. तिने रॉकेलची चिमणी पेटवली, वात मोठी केली, आणि ते लख्ख भांडं धुरावर धरून सावकाश फिरवू लागली.