सुलाच्या घरचा केर

आमच्या केरबा दाजींना केर टाकवत नसे. हसू नका, त्यांचा धंदाच तसा. विट्याकडची कितीतरी माणसं देशभर गलाईची दुकानं चालवतात, जुनं सोनं आटवून शुद्ध करून देतात. दाजींचं दुकान मदुराईत होतं. तिथं फरशीवरचा केर कुणी फेकत नाही, हात धुतलेलं पाणीसुद्धा पिंपात साठवतात, कारण त्यात सोन्याचा कण असतो. केर परातीत घ्यायचा, पाणी घालून गोल गोल फिरवायचा. हलकं ते वाहून जातं, जड ते तळाला राहतं. दाजींनी उभं आयुष्य हेच केलं.

त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी बहीण सुला, मात्र गावातच राहिली. सासू-सासरे, शेत, म्हशी आणि पोरगी सृष्टी, सगळं एकटीनं ओढलं. दाजी जत्रेला आणि दिवाळीला यायचे. मी फौजेत होतो, त्यामुळे सुट्टीवर आलेल्या माणसाचं घरात काय स्थान असतं ते मला नका सांगू. चार दिवस मटणाचा रस्सा, मग ज्याला त्याला आपापली कामं. तर सुलानं घर झाडलं, की दाजी सुपलीला आडवे.

"थांब, बघू दे."

सुला खळखळून हसायची. "आवं, टाकू द्या की. हितं निस्ती माती हाय!"

सोनं शुद्ध करायच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या धुरानं छाती धरायला लागली, तेव्हा दाजींनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि कायमचे घरी आले. सुलाला मदुराईचं देऊळ दाखवतो, असं ते लग्नापासून म्हणत होते. आता तरी दाखवतील असं आम्हाला वाटलं. पण वर्ष पुरं व्हायच्या आतच सुला गेली. धार काढून उठली, कासंडी खाली ठेवली आणि दारात बसली. दवाखान्यात न्यायला काढलेली गाडी सांगलीच्या वाटेला लागेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यांच्याच रानात अग्नी दिला. त्याआधी सृष्टीनं आईच्या मंगळसूत्रातला एक सोन्याचा मणी काढून तिच्या तोंडात ठेवला. तशी रीतच आहे.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला जमलो. हल्ली आमच्याकडे बरेच जण राख नदीत सोडत नाहीत, रानात पसरतात आणि वर झाड लावतात. मी साताऱ्याला राहतो, येताना तिथून आंब्याचं रोप आणलं होतं. कुणीतरी राखेची पहिली परात भरून दाजींच्या हातात दिली आणि निखारा राहिला असेल म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतलं.

आणि दाजींचे हात फिरायला लागले. गोल, गोल. नजर लांब कुठंतरी लागलेली. राखेचं पाणी काठावरून बांधावर सांडत गेलं. आम्ही सगळे बघत उभे. त्यांचा हात धरायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. परात रिकामी होत आली तसा तळाला मणी चमकला. दाजींनी तो चिमटीत धरला आणि उजेडाला लावून बघितला.

"आण्णा," सृष्टी म्हणाली, "आईतबी सोनंच हुडकलंसा?"

सृष्टी तशीच चालत घरी गेली आणि बॅग भरून साताऱ्याला निघून आली. तिथं एमआयडीसीत तिची नोकरी आहे, राहायला आमच्याच घरी. दाजींचा फोन वाजला की ती मोबाईल पालथा ठेवायची. खरं सांगायचं तर माझाही संताप झाला होता. बहीण होती ती माझी.

वर्षश्राद्धाला मी तिला जवळजवळ दटावूनच घेऊन गेलो. दाजी पार वाळले होते. पण चेहरा निवलेला वाटला, आणि त्याचाही मला रागच आला. सृष्टी घरात गेली, त्यांच्याकडे न बघता. दाजी मला रानात घेऊन गेले. आंबा रानाच्या मध्ये लावायचा ठरला होता, तो बांधाला लागून उभा होता. छातीपर्यंत आला होता.

"हितं का लावला?" मी विचारलं.

"पाणी हितंच सांडलं हुतं, हंबीरराव."

"आणि तो मणी?"

"त्याच दिवशी राखंत परत टाकला. तुमी समदी गेल्यावर." ते बांधावर टेकले, दम लागला होता. "हाताला दुसरं काय म्हाईतच न्हवतं. मणी दिसला आन मग ध्यानात आलं, जी पाण्यासंगं गेली तीच सुला हुती. जिती हुती तवाबी मी असंच केलं. आता रोज येतो, पाणी घालतो, बोलत बसतो. मदुराईचं देऊळ सांगून झालं समदं. लय उशीर केला, पर सांगितलं."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो.

घरी परतलो तर सृष्टी ओसरी झाडत होती. आमचं बोलणं तिच्या कानावर पडणं शक्य नव्हतं, तिचा राग होता तिथंच होता. तिनं सुपलीत केर भरला आणि उंबऱ्यात बापापुढं धरला.

"बघायचाय का?"

दाजींनी सुपलीत बघितलं. म्हशीचा कडबा, माती आणि बाहेरून उडून आलेली दोन पानं.

"टाक बाय," ते म्हणाले. "हितं निस्ती माती हाय."

तो आवाज बापाचा होता, पण बोलणं आईचं होतं, आणि आई ते कशी हसत म्हणायची हे त्या घरात आता आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. तिनं सुपली खाली ठेवली आणि उंबऱ्यातच बसून मोठ्यानं रडली. दाजी तिच्या शेजारी बसले. त्या दिवशी तो केर बाहेर नेऊन टाकला तो मी.